पोळी गेली, भाकरी आली, ताट तेच राहिलं

रक्तातली साखर 'काठावर' आल्याचा रिपोर्ट हाती पडला की नाशिकमधल्या बऱ्याच घरांत पहिला बदल एकच होतो: पोळी बंद, भाकरी सुरू. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून ज्वारी-बाजरी येते, ओळखीतलं कुणी सुरगाण्याहून नागली, म्हणजे नाचणी, आणून देतं, गिरणीत वेगळं दळण जातं. तीन पोळ्यांच्या जागी ताटात दोन भाकऱ्या बसतात. एक नग कमी झाला म्हणून घरचेही खूश. आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं की आकडा जिथल्या तिथे. मग भाकरीवरचा विश्वास उडतो आणि मेथीदाण्याचं पाणी, कारल्याचा रस, व्हॉट्सॲपवर फिरणारा कुठला तरी काढा यांची पाळी येते.

भाकरी बिचारी निर्दोष आहे. साध्या पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. घरी थापलेल्या मध्यम भाकरीत ५० ते ६० ग्रॅम पीठ सहज जातं. तीन पोळ्यांत ९० ग्रॅम पीठ होतं, दोन भाकऱ्यांत ते १०० ते १२० ग्रॅम झालं. नग कमी झाले, पीठ वाढलं. पटत नसेल तर मळण्याआधी कोरडं पीठ काट्यावर ठेवून बघा.

आणि धान्य बदलल्याने आतला माल फारसा बदलत नाही. गहू घ्या, ज्वारी घ्या, बाजरी किंवा नागली घ्या. शंभर ग्रॅम पिठात ६० ते ७२ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे पचल्यावर ज्याची साखर होते तो भाग. फरक आहे तो बाकीच्या गोष्टींत. बाजरीत लोह चांगलं, नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते, कोंडा आतच राहतो. हे सगळे फायदे खरे आहेत. पण प्रश्न जर साखरेचा असेल, तर ताटात धान्य कोणतं यापेक्षा ताटाचा किती भाग धान्याने अडवलाय, याने जास्त फरक पडतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतूनही हेच पुढे आलं. २०२३ मध्ये त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या काठावर आहेत. याच पाहणीतली आहाराची माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी भारतीय माणसाच्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, आणि तीही मुख्यतः पांढरा भात, दळलेलं धान्य आणि साखर यांतून. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून मैद्या-तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं तर मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिनं आली, तिथे मात्र धोका कमी दिसला.

सगळ्या रक्तात मिळून एक चमचा

मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० आली, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. हिशेब केला तर सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम साखर. चहाचा एक चमचा! शरीर रात्रंदिवस ही पातळी सांभाळून असतं.

आता रोजचं जेवण बघू. सिडकोतल्या कुठल्याही घरात दिसेल असं ताट: तीन पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, वाटीभर भात, त्यावर पातळ वरण, लोणच्याची फोड. पोळ्यांतून साठेक ग्रॅम कर्बोदकं, भातातून चाळीस, बटाट्यातून पंधरा, वरणातून सात-आठ. एकूण १२० ग्रॅमच्या आसपास. जिथे एक चमचा साखर असते, तिथे पुढच्या दोन-तीन तासांत चोवीस चमचे येऊन उतरणार आहेत. याच ताटात प्रथिनं किती, तर सतरा-अठरा ग्रॅम, आणि त्यातलीही निम्म्याहून जास्त पोळीतली. वरणाचा वाटा जेमतेम तीन-चार ग्रॅम, कारण वाटीभर पातळ वरणात डाळ असते मुठीएवढीही नाही.

एवढी साखर रक्तात ठेवून चालत नाही. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि ती साखर यकृतात आणि स्नायूंत भरली जाते. निफाड-लासलगावकडच्या वाचकाला कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची जागा, सांगायला नको. चाळीत जागा आहे तोवर ट्रॅक्टर येऊ देत, काही बिघडत नाही. चाळ गच्च असताना माल येतच राहिला, तर तो जागा मिळेल तिथे ओतावा लागतो. शरीरात यकृताच्या चाळीत साधारण शंभर ग्रॅम आणि स्नायूंच्या चाळीत चारशे ग्रॅमच्या आसपास साखर मावते. स्नायू वापरले की ती चाळ रिकामी होते. दिवसभर खुर्चीत, संध्याकाळी सोफ्यावर, असा दिनक्रम असेल तर काल भरलेली चाळ आजही भरलेलीच. मग जादा साखरेची चरबी होते आणि ती पोटात, यकृतावर, स्नायूंच्या आतसुद्धा साठते. अशा चरबीमुळे इन्सुलिनचा हुकूम पेशी नीट ऐकत नाहीत, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं, आणि काही वर्षांनी ते थकतं. 'काठावर' म्हणतात ती ही अवस्था, आणि ती एका जिलेबीने येत नाही. वर्षानुवर्षांच्या साध्यासुध्या, घरगुती, 'आम्ही बाहेरचं खातच नाही' अशा ताटानेही ती येते.

"पण मी तर बारीक आहे," असं इथे कुणीतरी हमखास म्हणतं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची ठेवण आहे. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची सावध होण्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात. त्याहून सोपं माप शिंप्याच्या टेपचं: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. टेप बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. (पोट आत ओढून मोजणारे सगळ्यांच्याच घरात असतात.)

ताट हलवायचं कसं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो नमुना आहार दिला, तो २,००० कॅलरींचा आहे. त्यात दिवसभराचं धान्य २५० ग्रॅम, कच्चं वजन. डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस-मासे मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम.

२५० ग्रॅम धान्य ऐकायला भरपूर वाटतं. मांडून बघा. सकाळी ५० ग्रॅमचे पोहे, दिवसभरात पाच पोळ्या आणि एकदा वाटीभर भात, की संपलं. त्यात संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं, रात्रीचा दुसरा भात बसत नाही. उलट ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं म्हणजे दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा वाटीभर उसळ. धान्य आपण दीडपट खातो आणि कडधान्य निम्मंही नाही, असं मला आजूबाजूची ताटं बघून वाटतं.

तेच सिडकोतलं ताट घेऊ. एक पोळी कमी, भात अर्धी वाटी, बटाट्याच्या जागी मेथी किंवा चाकवत, पातळ वरणाच्या जागी मटकीची वाटीभर उसळ, शिवाय काकडीची दही घालून कोशिंबीर. कर्बोदकं १२० वरून नव्वदच्या आसपास येतात, प्रथिनं वीस ग्रॅमच्या पुढे जातात, तंतू, म्हणजे फायबर, खूपच वाढतं. पोट आधीपेक्षा उशिरा रिकामं होतं, त्यामुळे चार वाजता चिवड्याच्या डब्याकडे हात जात नाही. यात एकही पदार्थ सुपरमार्केटच्या परदेशी शेल्फवरचा नाही.

प्रथिनांचं गणित थोडं सविस्तर, कारण खरी खोट इथे आहे. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलो वजन असेल तर पन्नास ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सात. मूठभर शेंगदाण्यात सात, पण त्याबरोबर १७० कॅलरीही येतात, तेव्हा मूठ म्हणजे मूठ. वाटीभर दह्यात तीन-चार. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. सोयाबीनच्या वड्यांच्या वजनात निम्मी प्रथिनंच असतात. एका बसणीत पन्नास ग्रॅम खाण्याचा विचार करू नका. न्याहारी, दुपार, रात्र अशा तिन्ही वेळांना विभागली की जमतं. आपल्याकडे न्याहारीच कोरडी जाते. नुसते पोहे, नुसता उपमा, नुसती चहा-खारी. पोह्यांत दाणे आणि मटार सढळ हाताने घाला, शेजारी एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर ताजं दही ठेवा.

बागलाण-मालेगावकडे कळण्याची भाकरी करतात: ज्वारी किंवा बाजरीबरोबर अख्खे उडीद दळलेले. दळणातच डाळ गेली. भाकरीवर मन बसलं असेल तर ही करा. हुलग्याचे शेंगोळे त्याच जातीचे. आणि गव्हाचीच पोळी हवी असेल तर निदान कणीक चाळून कोंडा फेकू नका, चाळणी जाड जाळीची वापरा.

भाजीबद्दल फार लिहायची गरज नसावी, नाशिककराला भाजी काय सांगायची! तरी ४०० ग्रॅमचं माप डोळ्यांसमोर ठेवा: चौघांच्या घरात दिवसाला दीड किलोहून जास्त, सालं-देठं काढून. तेवढी पिशवी रोज येते का? पावसाळ्यात पेठ, हरसूल, त्र्यंबककडून करटोली, टाकळा, कुर्डू येतात, त्यांच्यावर लक्ष असू द्या.

अजून एक युक्ती आहे, ती फुकट आहे. जेवताना आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-वरण, आणि पोळी-भात शेवटी. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की पोटातला माल आतड्यात हळूहळू उतरतो आणि साखरेचा चढ बसका होतो. पोळीशिवाय भाजी घशाखाली उतरत नाही अशी अनेकांची तक्रार असते. मग निदान पहिले चार-पाच घास तरी नुसत्या कोशिंबिरीचे घ्या.

मिसळीचं काय करायचं?

नाशिकमध्ये खाण्यापिण्यावर लिहून मिसळ टाळली तर वाचक लेखच बाजूला ठेवतील.

रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या अंगाला कुठेही बसा. समोर येतं ते असं: खोलगट ताटलीत मोडाची मटकी, तिच्यावर शेव-फरसाणाचा ढीग, शेजारच्या वाटीत काळ्या किंवा लाल मसाल्याचा रस्सा, वर तरंगणारी तर्री, दुसऱ्या वाटीत दही, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, तळलेला पापड, दोन पाव. काही ठिकाणी कडेला जिलेबीही. यातला सगळ्यात चांगला पदार्थ तळाशी दडलेला असतो. मटकीत प्रथिनं भरपूर, तंतू भरपूर, आणि मोड आल्यावर तिच्यात क जीवनसत्त्व वाढतं, लोह शरीराला जास्त लागू पडतं. वर पिळलेलं लिंबू त्यालाच हातभार लावतं. म्हणजे मिसळीचा पाया आहाराच्या दृष्टीने उत्तम. अडचण तिच्या डोक्यावरच्या पसाऱ्याची.

तेव्हा फरसाण वेगळ्या वाटीत मागा आणि चवीपुरतं वर टाका. कुरकुरीतही राहतं. तर्री चमच्याने बाजूला करा. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, एक ग्रॅम पिठात साडेतीनच्या आसपास. जादा पाव मागण्याऐवजी जादा मटकी मागा. मालक आधी बघत राहील, पण देईल. दही संपवा. जिलेबी चौघांत एक. रविवारची मिसळ याने बेचव होत नाही.

गोदापार्कवर किंवा गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालून थेट मिसळीला जाणारी मंडळी पुष्कळ आहेत. चाळीस मिनिटं झपझप चालून दीडशे-पावणेदोनशे कॅलरी खर्च होतात. दोन पावांत साधारण तेवढ्याच असतात. चालणं वाया गेलं असा याचा अर्थ मुळीच नाही, चालण्याचे फायदे वजनापलीकडचे आहेत. पण 'आज चाललोय, आता चालेल' हा हिशेब पावापाशीच संपतो.

द्राक्षांचीही शंका नेहमी निघते. शंभर ग्रॅम द्राक्षांत सोळा ग्रॅमच्या आसपास साखर असते, पेरूच्या मानाने बरीच जास्त. हंगामात घरात पेटी उघडी असते किंवा बाजारातून स्वस्तात सुटे मणी आणलेले असतात, आणि येता-जाता तोंडात टाकत किलो कधी संपतो कळत नाही. वाटीत काढून घ्या, शंभर-दीडशे ग्रॅम, आणि पेटी आत ठेवा. रस काढू नका: एका ग्लासाला तीन-चार वाट्यांची द्राक्षं लागतात आणि ती दोन मिनिटांत पोटात जातात. उसाच्या रसाचंही तसंच, एका ग्लासात सहज पंचवीस ग्रॅम साखर. मनुक्यांत पाणी उडालेलं असल्याने शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमहून जास्त साखर भरते, म्हणून दहा-पंधरा दाणे पुरे. गुळाबद्दल एका ओळीत: तो बहुतांशी साखरच आहे, रंग वेगळा.

उपवास हा आणखी नाजूक विषय. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपल्या पूर्वजांनीच म्हणून ठेवलंय, मी काही नवीन सांगत नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, प्रथिनं नावालाच. तो तळला की वडा. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरणाऱ्या घरात महिन्यात सात-आठ दिवस हेच होतं. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं, हे सगळं उपवासालाच चालणारं आहे आणि राजगिऱ्यात तर गव्हाहून जास्त प्रथिनं आहेत.

तेलाचा डबा आणि मिठाची पिशवी

रोज चमचे मोजणं कुणाच्याने होत नाही. त्यापेक्षा किराण्याच्या यादीवरून मोजा. माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलं तर चौघांना दिवसाला १०८ ग्रॅम. पंधरा किलोचा तेलाचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. आणल्या दिवशी डब्यावर तारीख लिहून ठेवा. दोन-अडीच महिन्यांत तळ दिसला तर कुणी किती भजी खाल्ली हा वाद घालायची गरज उरत नाही. (तूप आणि बाहेरच्या खाण्यातलं तेल या डब्यात येत नाही, म्हणजे डबा खरं तर त्याहूनही जास्त पुरायला हवा, हेही लक्षात असू द्या.)

मिठालाही हाच हिशेब. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. चौघांना एक किलोची पिशवी पन्नास दिवस. पापड, लोणचं, शेव, चिवडा यांतलं मीठ वेगळं, त्यामुळे पिशवी खरं तर त्याहून जास्त दिवस चालायला हवी. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी हे आधी बघावं.

साखरेसाठी चहा मोजला तरी पुरतं. दिवसाला वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायची म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. दोन चमच्यांचे चार कप झाले की तिथेच ती ओलांडली जाते. एकदम बिनसाखरेचा चहा करायला गेलं की तिसऱ्या दिवशी माणूस पहिल्यापेक्षा गोड चहा पितो. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, जिभेला फारसं कळत नाही.

पाकिटांवर मोठ्या अक्षरात 'मल्टिग्रेन', 'नाचणीयुक्त' लिहिलेलं असतं. ते सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं, तिसरं पाम तेलाचं आणि नाचणी सातव्या क्रमांकावर असेल, तर ते मैद्याचं बिस्कीट आहे.

जेवल्यावर उठायचं

चाळ रिकामी करायचं काम स्नायूंचं. आणि निसर्गाने इथे एक सोय करून ठेवली आहे: स्नायू हलत असले की इन्सुलिनची वाट न बघताही ते रक्तातली साखर आत ओढून घेतात. म्हणून ज्यांच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, त्यांनाही चालण्याचा उपयोग होतो. वेळ साधली तर जास्तच. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासात रक्तात साखर चढत असते, त्याच वेळी दहा-पंधरा मिनिटं चाललं की चढ कमी होतो. घरच्या वडीलधाऱ्यांची शतपावली अगदी योग्य वेळी होती, फक्त शंभर पावलं मिनिटभरात संपतात, तेव्हा तिला दहाने गुणा. गच्चीवर, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या गेटपर्यंत, कुठेही. भांडी घासणं, ओटा आवरणं हेही चालतं. ते घरातल्या एकाच माणसाने का करावं, हा वेगळा मुद्दा, पण साखर सगळ्यांचीच चढते.

आठवड्याला निदान १५० मिनिटं श्वास थोडा वाढेल असं झपझप चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दुसरा भाग आपण सोडूनच देतो. चाळीशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात, म्हणजे चाळच लहान होत जाते. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून जोर, सूर्यनमस्कार यांपासून सुरुवात होते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या.

सातपूर-अंबडला रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. रात्री शरीर साखर हाताळण्यात मंद असतं. तोच डबा दुपारी एकला खाल्ला आणि रात्री दोनला खाल्ला तर साखर रात्री जास्त चढते. मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी घरी करा, मध्यरात्री हलकं काही: ताक, उकडलेले चणे, अंडं, एखादं फळ. कॅन्टीनची पाव-भाजी आणि तीन गोड चहा यांनी जाग येते असं वाटतं, ती तासाभराची असते. आणि दिवसा पडदे लावून सात तास झोप मिळवा. झोप कमी झाली की भूक वाढते आणि ती नेमकी गोड-तळलेल्याची असते.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी: रात्रीच्या ताटात एका पोळीच्या जागी वाटीभर उसळ, आणि जेवल्यावर दहा मिनिटं. कडधान्यांनी सुरुवातीला पोट फुगतं. भिजवलेलं पाणी फेका, मोड आणा, नीट शिजवा, अर्ध्या वाटीपासून चढत जा.

तपासणी कधी करायची हेही ठरवून ठेवा. एचबीए१सी या चाचणीत साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दिसते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे काठावर, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. त्यामुळे पंधरा दिवसांनी लॅबमध्ये जाऊन पैसे घालवू नका, तीन महिने होऊ द्या. कंबरेचा टेप मात्र महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी.

ज्यांना इन्सुलिन सुरू आहे किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या सुरू आहेत, त्यांनी पोळी-भात कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं. औषध तेवढंच आणि धान्य कमी असं झालं की साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, तेव्हा पथ्य बघायचं नाही; माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठायचा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनंही स्वतःच्या मनाने वाढवायची नाहीत. डॉक्टरांकडे जाताना आठवड्याभराच्या जेवणाची नोंद, निदान मोबाइलमधले ताटाचे फोटो, बरोबर न्या. दहा मिनिटांच्या भेटीत 'मी तसं फार काही खात नाही' या वाक्यापेक्षा ते फोटो जास्त कामाला येतात.